कालमूल्ये आणि पूर्णांकांची निवड

जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसले यांच्या फौजा व इंग्रज यांच्यात जी लढाई झाली तिचा दिनांक २३ सप्टेंबर १८०३ हा होय. हाच दिवस शालिवाहन शकाने शके १७२५, रुधिरोद्गारी संवत्सर यात पडतो. हिजरी सनाने १२१८ मध्ये, मृगापासून सुरू होणाऱ्या फसली सनाने १२१३ मध्ये, आणि मराठी दप्तरात रूढ असलेल्या शुहूर सनाने ‘अर्बा मयातैन व अलफ’ म्हणजे १२०४ मध्ये. घटना एक, दिवस एक आणि आकडे मात्र पाच. या पाचांपैकी कोणताही आकडा खोटा नाही. कालदर्शक आकड्याचा अर्थ त्या आकड्यात साठविलेला नसतो. कोठून मोजावयाचे, कशाने मोजावयाचे आणि लिहिण्यास किती स्थाने राखून ठेवावयाची, या संकेतांवर तो अवलंबून असतो. शब्द आणि अर्थ यांचा संबंध भाषाशास्त्रात संकेताधीन मानला जातो. कालदर्शक अंकाची स्थिती याहून निराळी नाही.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये या पाच आकड्यांत सहाव्याची भर पडते. युनिक्स परंपरेतील सर्व प्रणाली १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. त्या मोजणीने असईच्या लढाईचा दिवस ६०,७३१ दिवस मागे, म्हणजे उणे ५,२४,७१,५८,४०० या सेकंदास सुरू होतो. माणसाला हा आकडा अवघड वाटला तरी यंत्राला तो सोपा आहे. अडचण वेगळीच आहे. हा आकडा ज्या पेटीत ठेवावयाचा ती पेटी किती मोठी आहे, आणि तीत उणे संख्येला जागा आहे की नाही, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. या पेटीलाच संगणकशास्त्रात पूर्णांकाचा ‘प्रकार’ म्हणतात. तो प्रकार निवडताना कोणता विचार करावा लागतो आणि तो न केल्यास काय घडते, याचे विवेचन येथे योजिले आहे.

१. चार संकेत

कालमूल्याच्या पूर्णांकात चार गोष्टी गृहीत असतात : आरंभबिंदू, एकक, रुंदी आणि चिन्ह. आरंभबिंदू म्हणजे ज्या क्षणाला शून्य मानले तो क्षण. एकक म्हणजे दिवस, सेकंद, मिलिसेकंद किंवा नॅनोसेकंद. रुंदी म्हणजे त्या संख्येसाठी राखलेल्या द्विमान स्थानांची, म्हणजे बिटांची, संख्या. चिन्ह म्हणजे उणे संख्यांना त्या प्रकारात स्थान असणे किंवा नसणे. ३२ बिटांत एकूण ४,२९,४९,६७,२९६ संख्या मावतात. चिन्हरहित प्रकारात त्या सर्व शून्यापासून पुढे जातात; चिन्हयुक्त प्रकारात निम्म्या उणे बाजूस जातात, आणि म्हणून सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ एवढीच राहते.

या चारही गोष्टी परस्परांत गुंतलेल्या आहेत. एकक सूक्ष्म केले की तेवढ्याच रुंदीत कमी काळ मावतो. चिन्ह काढून टाकले की भविष्यकाळ दुप्पट होतो आणि आरंभबिंदूपूर्वीचा सर्व भूतकाळ नाहीसा होतो. ‘अमुक प्रकार सुरक्षित’ असे विधान या चारांचा उल्लेख केल्यावाचून करता येत नाही.

२. पंचांगकर्त्यांचा अनुभव

मर्यादित जागेत अमर्याद काळ बसविण्याचा प्रश्न यंत्रयुगात प्रथम उद्भवला असे नाही. प्रभव, विभव इत्यादी साठ संवत्सरांचे चक्र हे त्याचे परिचित उदाहरण. जालना जिल्ह्यातील जांब या गावी समर्थ रामदासांचा जन्म शके १५३० मध्ये झाला. त्या वर्षाचे संवत्सर कीलक. परंतु शके १५९० हेही कीलक, शके १८९० हेही कीलक, आणि शके १९५० हेही कीलकच. केवळ ‘कीलकनाम संवत्सरे’ एवढे लिहिले तर साठ वर्षांच्या आतील वाचकाची अडचण होत नाही. त्यानंतरच्या वाचकाला मात्र शतकाचा शोध अन्य पुराव्याने घ्यावा लागतो. म्हणूनच काळजीपूर्वक लिहिणारे लेखक शकांक व संवत्सर दोन्ही देतात. मराठी पत्रव्यवहारात तर ‘छ’ हे अक्षर, चांद्र तारीख आणि महिना एवढेच लिहून वर्ष वगळल्याची उदाहरणे विपुल आहेत. पत्र घेणाऱ्याला वर्ष ठाऊकच होते. ठाऊक नाही ते इतिहाससंशोधकाला.

गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. एखाद्या आरंभदिनापासून गेलेल्या दिवसांच्या संख्येला ज्योतिषशास्त्रात अहर्गण म्हणतात. युगारंभापासून मोजलेला अहर्गण प्रचंड होतो आणि त्यावरील गुणाकार-भागाकार हाताने करणे कष्टाचे होते. गणेश दैवज्ञांनी शके १४४२ हा नवा आरंभ धरला. शिवाय अकरा अकरा वर्षांची, ४,०१६ दिवसांची, ‘चक्रे’ कल्पून गेलेली चक्रे एका अंकात व उरलेले दिवस दुसऱ्या अंकात ठेवले. अशा रीतीने अहर्गण सदैव लहान राहिला आणि चक्रांक निराळा ठेवल्यामुळे काळाची ओळखही हरवली नाही. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सेकंदांचा एक अंक व त्याखालील नॅनोसेकंदांचा दुसरा अंक, असा जो जोडअंक वापरतात त्याची रचना याच जातीची आहे. संवत्सरचक्र आणि ग्रहलाघवातील चक्र यांच्यातील भेद मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे : पहिल्यात फेऱ्यांची नोंद ठेवलेली नाही, दुसऱ्यात ठेवलेली आहे.

३. रुंदी आणि एकक

युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीत काळ सेकंदाच्या साठाव्या भागाने मोजला जाई आणि त्यासाठी ३२ बिट राखले होते. एवढ्या सूक्ष्म एककाने ती पेटी सुमारे ८२८ दिवसांत भरते. आरंभबिंदू पुढे सरकवीत राहणे हा त्यावरील तात्पुरता उपाय होता. थोड्याच वर्षांत एकक बदलून पूर्ण सेकंद करण्यात आले आणि १ जानेवारी १९७० हा आरंभ स्थिर झाला. त्यामुळे मिळालेली मुदत चिन्हयुक्त ३२ बिटांत १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय प्रमाणवेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. त्यापुढील सेकंदास अंक उलटून उणे टोकाला जातो आणि यंत्राला १९०१ सालचा डिसेंबर महिना दिसू लागतो.

एकक व रुंदी यांचा मेळ चुकल्याची उदाहरणे अनेक आहेत. विंडोज ९५ व ९८ या प्रणालींत ३२ बिटांच्या मिलिसेकंद-गणकामुळे यंत्र ४९.७ दिवस अखंड चालल्यास बंद पडे. तितक्या काळात ३२ बिटांची चिन्हरहित पेटी नेमकी भरते. २०१५ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने बोईंग ७८७ विमानांविषयी सूचना काढली : वीजपुरवठा नियंत्रित करणारे भाग २४८ दिवस अखंड चालू राहिल्यास एकाच वेळी बंद पडू शकतात, म्हणून ते मधूनमधून बंद करून सुरू करावेत. सेकंदाचे शंभर भाग करून ते चिन्हयुक्त ३२ बिटांत मोजले तर मर्यादा २४८ दिवसांचीच येते. अशा दोषाचे वैशिष्ट्य असे की, चाचणीत तो आढळत नाही. चाचणी अडीचशे दिवस क्वचितच चालते.

६४ बिटांची पेटी घेतली म्हणजे सर्व चिंता मिटते, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. सेकंद हे एकक असेल तर चिन्हयुक्त ६४ बिटांत सुमारे २९,२०० कोटी वर्षे मावतात. परंतु लिनक्सच्या गाभ्यात ‘केटाइम-टी’ नावाचा जो प्रकार आहे त्याचे एकक नॅनोसेकंद आहे. एका सेकंदात शंभर कोटी नॅनोसेकंद असल्यामुळे तीच ६४ बिटांची पेटी १९७० च्या दोन्ही बाजूंस सुमारे २९२ वर्षे, म्हणजे १६७७ पासून २२६२ पर्यंतच पुरते. यंत्राच्या चालू कामकाजाला हे भरपूर आहे. जांब येथील १६०८ सालचा जन्म मात्र या प्रकारात लिहिताच येणार नाही.

४. चिन्हाचा प्रश्न आणि १९७० पूर्वीच्या नोंदी

२०३८ ची मर्यादा टाळण्यासाठी एक सोपी युक्ती वारंवार सुचविली जाते. ३२ बिटांचाच प्रकार ठेवून चिन्ह तेवढे काढून टाकले की मुदत फेब्रुवारी २१०६ पर्यंत वाढते. नुकत्याच तयार झालेल्या फायलींच्या वेळांपुरता विचार केला तर ही युक्ती चालून जाते. तिची किंमत कोणाला मोजावी लागते, हे जालना जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तेथील महसुली दप्तर उर्दू व मोडी लिपीत आणि फसली सनात लिहिलेले आहे. २०२३ साली अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर, मराठवाड्यातील निजामकालीन कागदांतील कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली. इतर मागासवर्गाच्या जातप्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या पुराव्यास महत्त्व असते. म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने, कागदावरील दिनांक या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

१३ ऑक्टोबर १९६७ हा दिवस भारतीय प्रमाणवेळेने ज्या क्षणी सुरू झाला त्याचे युनिक्स मूल्य उणे ७,००,९०,२०० आहे. याचा अर्थ असा की, या कामी उपयोगी पडणारा प्रत्येक जुना दिनांक उणे संख्येतच येतो. तो चिन्हरहित ३२ बिटांच्या पेटीत ठेवला तर यंत्र तक्रार करीत नाही. त्याच बिटांचे वाचन ४,२२,४८,७७,०९६ असे होते, आणि तो क्षण १९ नोव्हेंबर २१०३ च्या सकाळचा ठरतो. मग ‘हा दिनांक १९६७ पूर्वीचा आहे काय?’ या प्रश्नास यंत्र शांतपणे ‘नाही’ असे उत्तर देईल. बिट तेच राहिले, वाचण्याचे व्याकरण बदलले. आणि कागद निरुपयोगी ठरला.

चिन्हयुक्त ३२ बिट घेतले तरी काम पूर्णपणे भागत नाही. त्या प्रकाराची मागील मर्यादा, भारतीय प्रमाणवेळेच्या हिशेबाने, १४ डिसेंबर १९०१ ही आहे. हैदराबाद राज्यात पुढे रूढ झालेले फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. त्या हिशेबाने फसली १३११ हे वर्ष १९०१-०२ मध्ये येते. सारांश, फसली १३१० व त्यापूर्वीचा एकही कागद या पेटीत मावत नाही.

येथे आणखी एक सापळा आहे. सी भाषेतील वेळ सांगणारी साधने अपयश आल्यास उणे एक ही संख्या परत करतात. आणि उणे एक हा १ जानेवारी १९७० च्या पहाटेचा, भारतीय वेळेने ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांचा, खराखुरा क्षणही आहे. त्याचप्रमाणे ‘दिनांक उपलब्ध नाही’ हे दर्शविण्यासाठी शून्य लिहिण्याची प्रथा पडली, की ज्याचा दिनांक ठाऊक नाही अशा माणसाचा जन्म १ जानेवारी १९७० रोजी झाल्याचे छापून येते. माहितीचा अभाव दाखविणारे चिन्ह माहितीच्याच संख्यांतून निवडू नये, हा यातून निघणारा नियम होय.

५. ‘केव्हा’ आणि ‘किती वेळ’

चिन्हयुक्त प्रकार नेहमीच श्रेयस्कर, असा निष्कर्ष वरील विवेचनावरून काढणे घाईचे होईल. मराठीत काळाविषयी दोन निरनिराळे प्रश्न विचारले जातात : ‘केव्हा?’ आणि ‘किती वेळ?’ पहिल्याचे उत्तर क्षण असते, दुसऱ्याचे कालावधी. दोन क्षणांची वजाबाकी केली तर कालावधी मिळतो. दोन क्षणांच्या बेरजेला मात्र काही अर्थ नाही. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हे दोन्ही काळ लागतात. फायल केव्हा बदलली हा पहिला प्रश्न. तबकडीकडून उत्तर येण्याची आणखी किती वेळ वाट पाहावयाची, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नासाठी लिनक्समध्ये ‘जिफीज’ नावाचा एक गणक आहे. यंत्र सुरू झाल्यापासूनचे ठोके तो मोजतो आणि तो मुद्दाम चिन्हरहित ठेवलेला आहे. ३२ बिटांच्या यंत्रावर सेकंदाला हजार ठोके असतील तर तो ४९.७ दिवसांनी, शंभर असतील तर ४९७ दिवसांनी शून्यावर परततो. अशा गोल फिरणाऱ्या गणकातील दोन मूल्यांत आधीचे कोणते व नंतरचे कोणते, हे साध्या तुलनेने ठरविणे चुकीचे होय. संवत्सरांत प्रभव पहिले व क्षय साठावे. तरीही शके १९०८ हे क्षय संवत्सर होते आणि शके १९०९ हे प्रभव. क्रमांकाने लहान असलेले प्रभव काळाने नंतरचे ठरले. येथे योग्य रीत अशी की, दोहोंचे अंतर चक्राच्या हिशेबाने काढावे आणि ते अर्ध्या चक्राहून कमी असेल तर पुढील, जास्त असेल तर मागील मानावे. लिनक्समधील ‘टाइम-आफ्टर’ ही सूत्राज्ञा नेमके हेच करते : चिन्हरहित वजाबाकी करून त्या अंतराला चिन्हयुक्त संख्या म्हणून वाचते. अर्थात तुलना करावयाचे क्षण अर्ध्या चक्राहून दूर नसावेत, ही अट पाळावीच लागते.

या कामी चिन्हरहित प्रकार का निवडला याचे कारण सी भाषेच्या नियमांत आहे. चिन्हरहित पूर्णांक मर्यादेपलीकडे गेला तर तो चक्राकार फिरून शून्यावर येतो, असे त्या भाषेच्या प्रमाणग्रंथाने निश्चित केले आहे. चिन्हयुक्त पूर्णांक मर्यादेपलीकडे गेल्यास काय व्हावे, हे त्याने निश्चित केलेले नाही. उलट असे कधी घडणारच नाही असे गृहीत धरून भाषांतरक-आज्ञावली सुरक्षिततेसाठी लिहिलेली तपासणीसुद्धा गाळून टाकू शकते. तेव्हा फिरणाऱ्या गणकाला चिन्हरहित प्रकार, आणि दिनांकाला चिन्हयुक्त प्रकार, असा हा विवेक आहे. एका ठिकाणी जे सुरक्षित तेच दुसऱ्या ठिकाणी घातक ठरते.

लिनक्सच्या कर्त्यांनी योजिलेली एक खबरदारी येथे सांगण्याजोगी आहे. यंत्र सुरू होताना जिफीज गणक शून्यावर न ठेवता, ३२ बिटांच्या मर्यादेआधी पाच मिनिटांवर ठेवला जातो. त्यामुळे ३२ बिटांच्या यंत्रावर गणक उलटण्याचा प्रसंग पन्नास दिवसांनी न येता पाचव्या मिनिटाला येतो, आणि ज्या आज्ञावलीत तुलना चुकीची लिहिली असेल तिचा दोष कर्त्याच्या डोळ्यांसमोरच उघड होतो.

६. एक नाव, अनेक मापे

बिघा हे जमिनीचे माप प्रांतोप्रांती निराळे असे. फसली वर्षही कोठे मृगापासून तर कोठे ऑक्टोबरपासून मोजले गेले. संगणकभाषेतील ‘लाँग’ या शब्दाची तीच गत आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर ‘लाँग’ म्हणजे ६४ बिट. ६४ बिटांच्याच विंडोजवर ‘लाँग’ म्हणजे ३२ बिट. ज्या कर्त्याने आपल्या यंत्रावर ‘लाँग’ लिहून समाधान मानले त्याची आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर गेली की २०३८ ची मर्यादा पुन्हा अंगावर येते. म्हणून कालमूल्यासाठी रुंदीचा स्पष्ट उच्चार करणारी नावेच वापरावीत, हे उचित. लिनक्सच्या गाभ्यात ‘टाइम-६४-टी’ हे नाव याच हेतूने आले.

पेटी मोठी घेऊनही मधल्या हिशेबात संख्या सांडू शकते. पाच सेकंदांचे नॅनोसेकंद करताना गुणाकार ३२ बिटांत झाला तर उत्तर, ५०० कोटी, त्या पेटीत मावत नाही. मग ते ६४ बिटांच्या पेटीत ठेवले तरी सांडलेला भाग परत येत नाही. आधी रुंदी वाढवावी आणि मग गुणावे, हा क्रम उलटता कामा नये.

७. सद्यःस्थिती आणि निष्कर्ष

या दिशेने झालेले काम मोठे आहे. ओपन-बीएसडी प्रणालीने २०१४ साली सर्व यंत्रांसाठी ६४ बिटांचे कालमूल्य स्वीकारले. २०२० सालच्या लिनक्स ५.६ पासून ३२ बिटांच्या यंत्रांनाही २०३८ पलीकडे चालता येईल अशी सोय गाभ्यात झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ ने, जुन्या आय-३८६ यंत्रांचा अपवाद वगळता, सर्व ३२-बिट यंत्रांवर हा बदल अमलात आणला. तथापि गाभा बदलल्याने त्यावर उभ्या असलेल्या नोंदवह्या आपोआप बदलत नाहीत. फायलीच्या स्वरूपात किंवा कोष्टकाच्या रकान्यात एकदा ३२ बिटांची पेटी निश्चित झाली की ती तशीच राहते. उदाहरणार्थ, ‘एक्स्ट-४’ या फायल-व्यवस्थेत नोंदीसाठी २५६ बाइट राखले असतील तर मर्यादा २४४६ पर्यंत जाते, १२८ च राखले असतील तर ती २०३८ लाच थांबते.

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे मांडता येईल. यंत्रातील चालू क्षणासाठी सेकंद-एककाचा चिन्हयुक्त ६४ बिटांचा प्रकार घ्यावा. थोड्या कालावधीच्या सूक्ष्म मोजणीसाठी नॅनोसेकंदांचा ६४ बिटांचा प्रकार पुरेसा आहे. फिरता गणक चिन्हरहित असावा आणि त्याची तुलना अंतरानेच करावी. ऐतिहासिक व महसुली दिनांकांना सेकंदाची गरजच नसते. त्यांच्यासाठी अहर्गणाप्रमाणे दिवसांची चिन्हयुक्त मोजणी घ्यावी. ३२ बिटांतही तीत कित्येक लाख वर्षे मावतात. शिवाय फसली, हिजरी किंवा शक यांपैकी ज्या सनात मूळ नोंद असेल ती नोंद अक्षरशः जवळच्या रकान्यात जतन करावी, म्हणजे रूपांतरात चूक झाली तरी ती पुढे दुरुस्त करता येईल. अंबड किंवा भोकरदन येथील दप्तरातून निघालेला फसली १३०० मधील कागद यंत्रात भरला जाईल तेव्हा, त्यावरील दिनांक टिकेल की नाही हे त्या कागदाच्या अवस्थेइतकेच, रकान्याचा प्रकार ठरविणाऱ्या एका ओळीवरही अवलंबून राहील.